मांडवाचं कापड, वायरचा सांधा आणि विम्याची पॉलिसी

श्रावण लागला की ठाण्यात नौपाडा, कोपरी, वर्तकनगरच्या रस्त्यांवर बांबू उतरू लागतात. आधी गोविंदा, मग गणपती, मग नवरात्र. मंडळांच्या बैठकांत परवानग्यांवर भरपूर बोलणं होतं: महापालिका, वाहतूक पोलीस, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला. कापडाचा विषय मात्र रंग ठरला की संपतो. खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी.

तात्पुरत्या मांडवांसाठी आयएस 8758 हे भारतीय मानक आहे. कृत्रिम धाग्याचं कापड आणि दोर वापरू नयेत, असं ते सांगतं. सुती कापड कशात भिजवायचं याची कृतीही त्यात आहे: वजनाने अमोनियम सल्फेट 4 भाग, अमोनियम कार्बोनेट 2, टाकणखार 1, बोरिक ॲसिड 1, तुरटी 2 आणि पाणी 35 भाग. यातलं काहीही दुर्मीळ नाही.

हे द्रावण काम कसं करतं? सूत तापलं की त्याचं विघटन होऊन ज्वलनशील वायू निघतात आणि ज्योत दिसते ती या वायूंची. अमोनियम सल्फेट तापल्यावर आम्ल तयार होतं. त्यामुळे सुताचा कोळसा जास्त होतो आणि पेटणारे वायू कमी निघतात. टाकणखार आणि बोरिक ॲसिड वितळून धाग्यावर काचेचा पातळ थर धरतात, तो हवेला अडवतो. तुरटीच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं. ते सुटून वाफ होताना बरीच उष्णता खाऊन टाकतं. पॉलिएस्टरच्या चकचकीत झालरींना हे द्रावण लागूच पडत नाही, कारण तो धागा पाणी फारसं शोषत नाही. तो 250 ते 260 अंश सेल्सियसला वितळतो आणि पेटलेले थेंब खालच्या माणसांवर पडतात.

आता आपल्याकडची खरी अडचण. हे सगळे क्षार पाण्यात विरघळतात आणि आपले सण ऐन पावसाळ्यात येतात. छतावर ताडपत्री असते, पण प्रवेशाची कमान आणि बाजूच्या कनाती उघड्यावरच असतात. दोन-चार जोरदार सरी झाल्या की कापडातलं संरक्षण गटारात वाहून जातं. फाइलमधला प्रक्रियेचा दाखला मात्र तसाच कोरडा राहतो. म्हणून दाखल्याच्या तारखेपेक्षा कापडाची परीक्षा महत्त्वाची. कनातीच्या खालच्या कडेची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापावी, मांडवापासून दूर मोकळ्यावर न्यावी, पाण्याची बादली शेजारी ठेवावी, पट्टी चिमट्यात उभी धरून खालच्या टोकाला काडी लावावी आणि काही सेकंदांनी काढून घ्यावी. प्रक्रिया शाबूत असेल तर टोक काळं पडतं, थोडा धूर येतो आणि ज्योत विझते. धुऊन गेली असेल तर ज्योत पट्टीवर सरसर चढते. मोठा पाऊस झाला की पुन्हा हेच करून पाहावं. ही प्रयोगशाळेतली हमखास चाचणी नव्हे, पण धोक्याचा इशारा नक्की देते.

कापड पेटायला ठिणगी किंवा उष्णता लागते, ती बहुधा वीज पुरवते. 500 वॅटचे दहा हॅलोजन 230 व्होल्टवर सुमारे 22 अँपियर ओढतात. ते एकाच बारीक वायरवर चढवले तर ती तापणारच, पण तिथे योग्य क्षमतेचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच, वाचवतो. सांध्याचं तसं नाही. पिळून टेप गुंडाळलेल्या सैल सांध्याचा रोध दशांश ओहम असला आणि त्यातून 20 अँपियर गेले, तर तिथे 40 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची कांडी 25 वॅटची असते. एवढी उष्णता अंगठ्याएवढ्या टेपखाली, झालरीला टेकून! आणि प्रवाह नेहमीइतकाच असल्यामुळे ना एमसीबी पडत ना आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). वायरमनकडून सगळे जोड कनेक्टरमध्ये स्क्रूने घट्ट करून घ्यावेत. रात्री पूर्ण लोड चालू असताना एका कार्यकर्त्याने जोडांवरून फेरी मारावी. वास, वितळलेला टेप किंवा काळा डाग दिसला तर आधी मेन बंद करायचा.

थर्मोकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. खाण्याच्या स्टॉलचे सिलिंडर मांडवाबाहेर ठेवावेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, उघड्या गटारात उतरतो.

मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये 10 एप्रिल 2006 रोजी एका प्रदर्शनाच्या मांडवाला आग लागून 65 जणांचा जीव गेला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची 60 टक्के जबाबदारी आयोजकांवर आणि 40 टक्के राज्य सरकारवर टाकली. काम कंत्राटदाराचं होतं, हा आयोजकांचा बचाव टिकला नाही. आपल्या मंडळांच्या अध्यक्षांनी आणि खजिनदारांनी हे वाचायलाच हवं, कारण ‘डेकोरेटर बघून घेईल’ हे वाक्य दर बैठकीत ऐकू येतं.

विमा घेताना बहुतेकांच्या मनात मांडव आणि मूर्ती असते. आगीच्या पॉलिसीत त्यांचंच नुकसान भरून मिळतं. भाजलेल्या भाविकाची भरपाई त्यात नसते, त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी लागते आणि कार्यकर्त्यांसाठी अपघात विमा वेगळा. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने 2025 मध्ये 474 कोटींहून अधिक रकमेचा विमा घेतला. त्यातले 375 कोटी कार्यकर्ते, पुजारी, आचारी अशा माणसांच्या अपघात विम्याचे होते, 30 कोटी सार्वजनिक दायित्वाचे, आणि आगीच्या पॉलिसीचे फक्त 2 कोटी. छोट्या मंडळाने आकडे सोडावेत, प्रमाण बघावं.

हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवू नये. 20 लाखांच्या मांडवाचा 10 लाखांचाच विमा काढला आणि 4 लाखांचं नुकसान झालं, तर सरासरीच्या अटीनुसार, म्हणजे किमतीच्या जितक्या हिश्शाचा विमा तितक्याच हिश्शाची भरपाई, हातात 2 लाखच पडतात. भाड्याच्या सामानाचा विमा मंडळाने काढायचा की डेकोरेटरने, हे करारात लिहून घ्यावं. आणि पॉलिसीची तारीख चतुर्थीपासून धरू नये. पहिला बांबू रोवल्यापासून शेवटचा ट्रक भरून निघेपर्यंत ती चालू असायला हवी, कारण उघड्या वायरी आणि उतरवलेलं कापड एकाच ढिगात पडलेलं असतं ते उभारणीच्या आणि उतरवणीच्याच दिवसांत.