रग्बी सेव्हन्स खेळाडूची कारकीर्द

रग्बी सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांची रग्बी. मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीएवढंच, शंभर मीटर लांब, त्यामुळे मोकळी जागा भरपूर आणि पळणंही भरपूर. सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये दोन मिनिटं दम खायला, झाली मॅच. १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावात क्लबला पैसे उभे करायचे होते, तेव्हा नेड हेग नावाच्या खाटकानं ही छोटी रग्बी सुचवली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती आली आणि फिजीनं फायनलला ब्रिटनला ४३-७ असं धुतलं, त्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक मेडल.

यातल्या कित्येक नामांकित खेळाडूंची कारकीर्द रग्बीतून सुरूच झालेली नाही. अमेरिकेचा कार्लिन आइल्स आधी धावपटू होता, न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन नेटबॉल खेळायची. उलट फ्रान्सचा आंत्वान द्युपाँ पंधराच्या टीमचा कॅप्टन, त्यानं २०२४ ची सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची पंधरा जणांच्या रग्बीची स्पर्धा, सोडली, सेव्हन्समध्ये उतरला आणि पॅरिसला गोल्ड घेऊनच परतला.

म्हणून बडोद्यातल्या मराठी घरातल्या मुलामुलींनी हा खेळ परका समजू नये असं मला मनापासून वाटतं. व्यायामशाळा, कबड्डी, खो-खो हे इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि कबड्डीतही मैदानावर सातच जण असतात. पण एक सवय आधी मोडावी लागते. कबड्डीत घोटा धरला की जीव गेला तरी सोडायचा नाही, रग्बीत मात्र समोरच्याला दोन्ही हातांनी कवळा घालून खाली आणायचं आणि तो पडला रे पडला की लगेच सोडायचं, नाहीतर पेनल्टी. हे अंगात मुरायला वेळ लागतो, मुलं धरूनच बसतात. शिवाय पकड खांद्याच्या खालीच हवी, आणि हातानं पास द्यायचा तो मागेच, पुढे गेला की चूक. यलो कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर, आणि चौदा मिनिटांच्या खेळात दोन मिनिटं सहा जणांनी काढायची म्हणजे काय ते ज्यानं काढलीत त्यालाच विचारा.

ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं, त्याचे पाच पॉइंट, नंतर कन्व्हर्जनचे, म्हणजे गोलपोस्टमधून मारलेल्या किकचे दोन, पण तीही ड्रॉपकिकनंच, बॉल जमिनीवर टाकायचा आणि उसळतानाच मारायचा. बॉल लंबगोल, सरळ उसळत नाही, त्यामुळे या एका किकवर तासन्‌तास घालवावे लागतात.

टूर्नामेंट दोन-तीन दिवसांत संपते आणि एका दिवसात दोन-तीन मॅच पडतात, म्हणून मधल्या वेळात पाणी, खाणं आणि पाय मोकळे करणं ज्याला जमलं त्याचीच कारकीर्द लांबते. आपल्याकडे वाट राज्याच्या टीममधून नॅशनल कॅम्प, मग एशियन गेम्स अशी जाते. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला सहा टीमची रग्बी प्रीमियर लीग झाली, परदेशी खेळाडू आणि आपली मुलं एकाच टीममध्ये. बडोद्याहून रात्री गाडीत बसलं की सकाळी बोरिवलीला उतरायचं, इतकं ते जवळ आहे.