दोन गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर कशासाठी?

थायरॉईडची गोळी घेतली की कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी निदान चार तासांनी घ्या, असं डॉक्टर बजावून सांगतात. अनेकांना हा उगाचचा काच वाटतो. पण त्यामागचा धडा जुना आहे, आणि तो मिळाला चांगल्या हेतूने केलेल्या एका उपायातून.

१९४८ मध्ये ऑरिओमायसिन, म्हणजेच क्लोरटेट्रासायक्लिन, हे टेट्रासायक्लिन कुळातलं पहिलं प्रतिजैविक जाहीर झालं. तोंडाने घेता येणारं, नाना जंतूंवर चालणारं. त्याने मळमळायचं, उलट्या व्हायच्या. म्हणून डॉक्टर सोबत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं अँटासिड देऊ लागले. १९५० च्या सुमारास रक्त तपासून पाहिलं, तर प्रतिजैविकाची पातळी पार घसरलेली! मला यातली सगळ्यात काळजीची बाब ही वाटते की बाहेरून काहीच कळत नाही. गोळी वेळेवर गिळलेली असते, पोट शांत असतं, आणि जंतूंशी लढायचं औषध आतड्यातच अडकलेलं असतं.

टेट्रासायक्लिनचा रेणू धातूला घट्ट धरतो. ही जोडगोळी आतड्याच्या अस्तरातून नीट पार होत नाही, शौचावाटे निघून जाते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांचंही तसंच. दुधाबरोबर टेट्रासायक्लिन नको, ते म्हणूनच. १९८० च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आलं. कूळ वेगळं, पण अँटासिडशी गाठ पडताच गत तीच.

एक औषध दुसऱ्याच्या शोषणात कसं ढवळाढवळ करतं, याची आणखी एक वाट १९७३ मध्ये उघड झाली. पॅरासिटामॉल शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्यात. जठर लवकर रिकामं करणारं मेटोक्लोप्रमाइड दिलं की पॅरासिटामॉल झटपट रक्तात उतरे, जठर सावकाश रिकामं करणारं प्रोपँथेलिन दिलं की रेंगाळे. एकूण मात्रा जवळपास तेवढीच, वेळ मात्र बदले. दुखणाऱ्या माणसाला तो फरक लहान नसतो. केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाची अडचण निराळी: ते विरघळायला आम्ल लागतं, आणि आम्ल दाबणारी औषधं तेच काढून घेतात.

अंतर ठेवलं की बहुतेकदा भागतं. टेट्रासायक्लिन कुळातलंच डॉक्सिसायक्लिन आणि लोह हा मात्र अपवाद. रक्तात पोचलेलं डॉक्सिसायक्लिनही काही प्रमाणात पुन्हा आतड्यात उतरतं आणि तिथे लोह त्याला गाठतं. त्यामुळे ते शिरेतून दिलं तरी, पोटात लोह असेल तर शरीरातून लवकर ओसरतं.