ऑपर्च्युनिटीचे ‘शेवटचे शब्द’ यंत्राचे नव्हते
‘माझी बॅटरी संपत आलीय आणि अंधार दाटतोय’ हे मंगळावरच्या ऑपर्च्युनिटी रोव्हरचे, म्हणजे नासाच्या चाकांवर फिरणाऱ्या यंत्राचे, शेवटचे शब्द म्हणून २०१९पासून फिरताहेत. असा संदेश आलाच नव्हता. १० जून २०१८ला, धुळीच्या वादळातून, पृथ्वीवर पोचले ते फक्त आकडे: वीज फार घटलेली, आकाश झाकोळलेले. मोहीम संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा एका पत्रकाराने शास्त्रज्ञांकडून ऐकलेली ही माहिती आपल्या शब्दांत मांडली. लोकांनी ती रोव्हरचीच वाणी मानली.

ते शब्द वाचून रडणारे मात्र भाबडे नव्हते. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेले हे यंत्र १४ वर्षांहून अधिक राबले, ४५ किलोमीटर चालले. मोहिमेतल्या अभियंत्यांचेही डोळे पाणावले, आणि त्यांना तर त्यातली एकेक तार ठाऊक होती.