खलिया, पेशी, सेल

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोरगं लातूर-नांदेडला अकरावी सायन्सला जातं आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळतं. कालपर्यंत जी ‘तंतुकणिका’ होती, तिची फळ्यावर ‘मायटोकॉन्ड्रिया’ झालेली असते. ‘परासरणा’चं ‘ऑस्मॉसिस’. विषय तोच, पण ओळख पुसलेली. मग ते मोबाइलवर शोधू लागतं. मोबाइलवर जीवशास्त्राचं जे फुकट मिळतं त्याची गोष्ट आपल्याकडं म्हणूनच शब्दांपासून सुरू करावी लागते.

मराठवाड्याला हे नवं नाही. निजामाच्या राज्यात १९१८ साली उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ निघालं. हैदराबादच्या दार-उल-तर्जुमात, म्हणजे भाषांतर संस्थेत, पाश्चात्त्य विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणली जात. वनस्पतिशास्त्र म्हणजे ‘नबातियात’, प्राणिशास्त्र ‘हैवानियात’ आणि पेशी म्हणजे ‘खलिया’. घरी मराठी बोलायची, विज्ञान उर्दूत वाचायचं. १९४८ साली संस्थान मुक्त झालं, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि शब्द पुन्हा बदलले. पुढं भाषा संचालनालयानं परिभाषा कोश केले, १९६७ साली बालभारती आली. केंद्रक, हरितलवक, पेशीद्रव्य हे सगळं पाठ्यपुस्तकांतून रुळलं. आज ते कोश आणि मराठी विश्वकोशातल्या जीवशास्त्राच्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात. नोंदींची भाषा जड आहे, पण माहिती भरवशाची.

गावात इंटरनेट खरं पोचलं ते २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. २०१७ साली केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचं ऑनलाइन व्यासपीठ आलं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले. आमच्याकडं रेंजसाठी गच्चीवर जावं लागायचं, तेव्हा तो कोड बरेच दिवस नुसतं नक्षीकाम होता. २०२० च्या टाळेबंदीत मात्र तोच आधार झाला, आणि ज्या घरात एकच मोबाइल तिथली आबाळही तेव्हाच दिसली.

प्रात्यक्षिकांसाठी अमृता विद्यापीठ आणि सी-डॅकचं ‘ओलॅब्ज’ आहे. २००२ पासून कोलोरॅडो विद्यापीठात घडत आलेल्या ‘फेट’ची बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. त्यातलं नैसर्गिक निवडीचं एकदा बघाच. तपकिरी जमिनीवर पांढरे ससे सोडायचे, त्यांत तपकिरी रंगाचं उत्परिवर्तन घालायचं, मग लांडगे सोडायचे. पांढरे ससे पटापट कमी होतात आणि काही पिढ्यांत कळप तपकिरी होतो. हे पाहिल्यावर उत्क्रांतीचा धडा पाठ करावा लागत नाही. तरी कांद्याचा पापुद्रा स्वतः सोलून, आयोडीनचा थेंब टाकून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याची सर पडद्याला नाही, असं माझं मत.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, त्यामुळं लातूरला एनसीईआरटीच्या पुस्तकांची पारायणं चालतात. त्यांची पीडीएफ फुकट आहे. पण दहावी-अकरावीच्या मधली खिंड ओलांडायला मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती साधी युक्ती: बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ ची मराठी आणि इंग्रजी पीडीएफ शेजारी शेजारी उघडायची. धडा तोच, आकृती तीच, फक्त नावं वेगळी. डावीकडं तंतुकणिका, उजवीकडं मायटोकॉन्ड्रिया, वहीत दोन रकाने. पंधरा दिवसांत शब्द ओळखीचे होतात.

त्याच पुस्तकाची उर्दू आवृत्तीही निघते. तिथं पेशीला आजही खलियाच म्हणतात.