मध्ययुगीन इंग्रजी साहित्यातली शिव्हलरी आणि रोमान्स

रोमान्स हा मध्ययुगातल्या इंग्लंडमधला गोष्टींचा एक प्रकार, इंग्रजीत साधारण १२२५ च्या सुमारास सुरू झालेला आणि छपाई आल्यावरसुद्धा बराच काळ टिकलेला. गोष्टीत एक नाईट, म्हणजे चिलखत घातलेला घोडेस्वार सरदार, असतो, तो घरातून बाहेर पडतो, राक्षस, जादू, द्वंद्वयुद्धं, परक्या किल्ल्यातल्या बायका अशा सगळ्या भानगडींतून जातो आणि बहुतेक वेळा जिवंत परत येतो. शिव्हलरी म्हणजे या नाईटने पाळायची रीत: धन्याशी इमान, दिलेला शब्द, शरण आलेल्याला जीवदान, बाईमाणसाचा मान आणि देवाची भीती. रोमान्स म्हणजे या रीतीचं गुणगान असं समजून लोक वाचायला घेतात, पण त्यातले खरंच चांगले रोमान्स बघितले तर ही रीत पाळताना माणूस कुठे आणि कसा अडकतो तेच त्यात जास्त सांगितलंय, कारण हे सगळे नियम एकाच वेळी पाळायचे म्हटलं तर जमतच नाही.

आधी शब्द बघू. जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमान्झ' म्हणजे लॅटिन नसलेली, लोकांच्या तोंडची भाषा, आणि मग त्या भाषेत लिहिलेली गोष्ट. आपल्याकडे संस्कृतसमोर 'प्राकृत' शब्द जसा वापरायचे साधारण तसंच. प्रेमप्रकरण हा अर्थ त्याला फार नंतर चिकटला, म्हणून मराठी समीक्षेतला 'अद्भुतरम्य' हा शब्द इथे जास्त जवळचा वाटतो. शिव्हलरी आली फ्रेंच घोड्यावरून, 'शेव्हालिए' म्हणजे घोडेस्वार. आपल्याकडे सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा नि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, त्यातला शिलेदार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे खर्चाचा अंदाज येईल. गंमत म्हणजे इंग्रजीतल्या 'नाईट' शब्दाचा जुना अर्थ नुसता पोरगा किंवा चाकर असा होता. आणि याच घोड्याच्या शब्दापासून 'शेव्होशे' हाही शब्द निघाला, म्हणजे शत्रूच्या मुलखात घोडेस्वार घालून गावं आणि पिकं जाळत सुटणं. १३५५ मध्ये ब्लॅक प्रिन्सने, म्हणजे इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या मुलाने, दक्षिण फ्रान्समध्ये हेच केलं, आणि तोच माणूस त्या काळी शिव्हलरीचा आदर्श म्हणून मिरवत होता. जीवदान, मान वगैरे बरोबरीच्या लोकांसाठी, कारण पकडलेल्या सरदाराची खंडणी मिळते, जळालेल्या शेतकऱ्याची कोण देणार!

आर्थर हा ब्रिटनचा दंतकथेतला राजा. त्याच्या नि त्याच्या नाईटांच्या गोष्टींचा उगम वेल्श आणि ब्रिटन लोकांच्या दंतकथांत आहे, पण त्यांना धड इतिहासाचं रूप दिलं मॉनमथच्या जेफ्रीने, ११३० च्या दशकात, लॅटिनमध्ये. त्याचा हा 'इतिहास' बहुतांश कल्पनेचा, पण लोकांनी तो खरा मानला आणि शेकडो वर्षं मानला. मग ११५५ मध्ये वेसने तो फ्रेंच पद्यात आणला आणि त्यात गोल टेबल घातलं, कोण वर बसणार कोण खाली यावरून सरदारांची भांडणं नकोत म्हणून. लग्नाच्या पंगतीत मानपानावरून काय होतं ते माहीत असलेल्या कुणालाही ही आयडिया लगेच पटेल. साधारण १२०० नंतर लायमन नावाच्या पाद्र्याने तेच इंग्रजीत केलं. हे टेबल नुसतं गोष्टीत राहिलं नाही, विंचेस्टरच्या ग्रेट हॉलमध्ये आजही भिंतीवर ओकचं एक गोल टेबल टांगलंय, व्यास साडेपाच मीटर, बनवलेलं तेराव्या शतकात आणि रंगवलेलं आठव्या हेन्रीच्या काळात. राजांना या गोष्टी फार आवडायच्या. तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये विंडसरला गोल टेबलाचा घाट घातला आणि १३४८ च्या सुमारास ऑर्डर ऑफ द गार्टर काढली, म्हणजे पुस्तकातले नाईट बघून खऱ्या नाईटांचं मंडळ तयार झालं.

प्रेमाचा भाग आला फ्रान्सहून. क्रेतिएँ द त्र्वा याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्थरचा नाईट लॅन्सलॉट आणि आर्थरची राणी ग्विनिव्हीर यांची गोष्ट सांगितली, त्यात राणीला पळवून नेलंय आणि तिच्या मागावर निघालेल्या लॅन्सलॉटचा घोडा मेलाय. समोर एक गाडी येते, चोर-खुन्यांची धिंड काढतात तसली. हाकणारा म्हणतो बस, म्हणजे राणीचा पत्ता कळेल. लॅन्सलॉट दोन पावलं, फक्त दोन पावलं थांबतो आणि मग चढतो. पुढे जिवावर उदार होऊन तो तिच्यापर्यंत पोचतो तर राणी तोंड फिरवते, का तर तू त्या दोन पावलांपुरता कचरलास! आपली अब्रू मोठी की प्रेम मोठं हा हिशोब करायला त्याला तेवढा वेळ लागला हेच तिला खुपलं. या प्रकारच्या प्रेमाला 'कोर्टली लव्ह' म्हणतात, पण हे नाव रूढ झालं १८८३ पासून, गास्ताँ पारिस या फ्रेंच अभ्यासकामुळे, त्यामुळे मध्ययुगात सगळे असंच प्रेम करत होते असं काही समजू नये. इंग्रजी रोमान्सना तर दुसऱ्याच्या बायकोवरचं हे झुरणं फारसं मानवलंच नाही, तिथे बहुतेक गोष्टी लग्न होऊन आणि गेलेली जमीन परत मिळून संपतात.

याचं झकास उदाहरण म्हणजे हॅव्हलॉक, तेराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेला. हा डेन्मार्कचा राजपुत्र, पण लहानपणीच राज्य बळकावलं गेलंय आणि याला बुडवून मारायचं काम ग्रिम नावाच्या कोळ्याकडे दिलंय. रात्री झोपलेल्या पोराच्या तोंडातून उजेड बाहेर पडतो आणि खांद्यावर राजचिन्ह दिसतं, मग ग्रिम त्याला मारायच्या ऐवजी घेऊन इंग्लंडला पळतो आणि जिथे उतरतो ते गाव म्हणजे ग्रिम्सबी. दुष्काळ पडल्यावर हा राजपुत्र अनवाणी लिंकनला जातो आणि एका स्वयंपाक्याच्या हाताखाली मासे वाहणं, पाणी भरणं, लाकडं फोडणं अशी हमाली करतो. मासे कुठले कुठले त्याची यादीसुद्धा दिलीय कवीने. दरबारी फ्रेंच रोमान्समध्ये नाईट सहसा घामाने भिजलेला दिसायचा नाही, हा दिसतो, म्हणून मला तो जास्त आपला वाटतो. ग्रिम्सबी गावाच्या जुन्या शिक्क्यावर ग्रिम, हॅव्हलॉक आणि त्याची बायको असे तिघे कोरलेत. किंग हॉर्न, बेव्हिस, गाय ऑफ वॉरिक हे याच धाटणीचे रोमान्स, आणि १३३० च्या दशकातल्या ऑखिनलेक हस्तलिखितात असे बरेच रोमान्स एकत्र सापडतात. ते आता एडिंबरामध्ये आहे.

पण एकच रोमान्स वाचायचा असेल तर 'सर गवेन अँड द ग्रीन नाईट' वाचा. चौदाव्या शतकाचा शेवट, कवीचं नाव माहीत नाही, बोली वायव्य मिडलँड्सची, म्हणजे लंडनच्या माणसालाही तेव्हा अवघड जाणारी, २५३० ओळी आणि हस्तलिखित जगात फक्त एक. १७३१ मध्ये कॉटन संग्रहाला, म्हणजे ते जिथे होतं त्या हस्तलिखितांच्या संग्रहाला, आग लागली त्यातून ते वाचलं, १८३९ पर्यंत छापलं गेलं नव्हतं.

गोष्ट अशी. कॅमेलॉटला, म्हणजे आर्थरच्या दरबारात, नवीन वर्षाची मेजवानी चाललीय आणि दारातून एक धिप्पाड माणूस घोड्यावर आत येतो, कपडे हिरवे, दाढी हिरवी, कातडी हिरवी, घोडासुद्धा हिरवा, एका हातात हॉलीची फांदी आणि दुसऱ्यात कुऱ्हाड. म्हणतो, कुणीतरी मला एक घाव घाला, वर्षाने मी परत घालीन. सगळे गप्प. शेवटी आर्थरचा भाचा गवेन उठतो आणि एका घावात मुंडकं उडवतो. तो माणूस शांतपणे पुढे होतो, केसांना धरून मुंडकं उचलतो, घोड्यावर बसतो, आणि हातातलं मुंडकं डोळे उघडून बोलतं की ठरल्याप्रमाणे ये बरं का, ग्रीन चॅपलला.

वर्ष संपत आल्यावर गवेन निघतो, ढालीवर पाच टोकांची चांदणी, त्याच्या पाच पाच सद्गुणांची खूण. थंडीत कुडकुडत तो एका किल्ल्यात पोचतो, यजमान मोठा दिलदार, म्हणतो मी दिवसभर शिकार करतो, तू आराम कर, संध्याकाळी दोघांनी दिवसभरात जे मिळवलं ते एकमेकांना द्यायचं. आता इथे खरी परीक्षा सुरू होते आणि ती रणांगणावर नाही तर अंथरुणात. यजमान हरणामागे गेल्यावर त्याची बायको गवेनच्या खोलीत येऊन पलंगावर बसते. गवेन बिचारा झोपल्याचं सोंग करतो, हळूच पडदा उचलून बघतो, परत डोळे मिटतो. नाही म्हणावं तर बाईचा अपमान, हो म्हणावं तर ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी. गोड बोलून तो कसाबसा एका चुंबनावर निभावतो आणि संध्याकाळी ठरल्याप्रमाणे ते चुंबन यजमानाला देतो! दुसऱ्या दिवशी दोन, रानडुकराच्या बदल्यात. तिसऱ्या दिवशी तीन, कोल्ह्याच्या बदल्यात, पण त्या दिवशी बाईने आणखी एक गोष्ट दिलेली असते, हिरव्या रेशमाचा कमरपट्टा, जो बांधला तर माणूस मरत नाही. आधी तिने सोन्याची अंगठी देऊ केली ती त्याने नाकारली, पट्टा मात्र घेतला. आणि लपवला.

ग्रीन चॅपल म्हणजे देऊळ-बिऊळ काही नाही, गवत वाढलेला एक पोकळ उंचवटा. कुऱ्हाड पहिल्यांदा उठते, गवेनचे खांदे आक्रसतात, हिरवा माणूस टोमणा मारतो. दुसऱ्यांदा तो मुद्दाम हात आखडतो. तिसऱ्यांदा पातं मानेला नुसतं चाटून जातं आणि रक्त बर्फावर पडतं. मग कळतं की हा तोच यजमान होता, सगळं त्याला माहीत होतं, आणि तो जखमेचा ओरखडा फक्त पट्ट्यासाठी. तो म्हणतो, तुझा जीव तुला प्यारा होता एवढंच, मी तुला फार दोष देत नाही. गवेनला मात्र ते सहन होत नाही, तो स्वतःला शिव्या घालतो आणि मग आदम, सॅमसन, सॉलोमन यांची नावं घेत सगळं बायकांवर ढकलतो, हे जरा चीप वाटतं आणि कवीलाही तसंच दाखवायचं असावं. परत गेल्यावर तो पट्टा लाजेची खूण म्हणून आडवा बांधतो, दरबार हसतो आणि फॅशन म्हणून सगळेच तसा पट्टा बांधायला लागतात. दरबाराला गोष्ट कळली का, कवी सांगत नाही.

चौदाव्या शतकातला कवी चॉसर याने तर या प्रकाराची चक्क टिंगल केली. त्याच्या 'कँटरबरी टेल्स' या पुस्तकात यात्रेकरू कँटरबरीच्या वाटेवर एकेक गोष्ट सांगतात, आणि ती पाळी खुद्द त्याच्यावर येते तेव्हा तो सर थोपास नावाच्या नाईटचं रटाळ गाणं सुरू करतो, चेहरा पांढऱ्या पावासारखा, ओठ गुलाबासारखे, टणटणटण यमकं, आणि शेवटी खानावळवाला मध्येच ओरडतो की बास कर, तुझ्या यमकांची किंमत गुवाएवढीही नाही. त्याच पुस्तकात वाईफ ऑफ बाथ या यात्रेकरू बाईने सांगितलेली गोष्ट आहे ती जास्त धारदार. तिच्यातला आर्थरच्या दरबारचा नाईट सुरुवातीलाच रस्त्यात भेटलेल्या मुलीवर बलात्कार करतो. शिक्षा मृत्यूची, पण राणी मध्ये पडून एक वर्ष देते, बायकांना सगळ्यात जास्त काय हवं असतं ते शोधून आण म्हणून. उत्तर एका कुरूप म्हातारीकडून मिळतं, की त्यांना स्वतःची सत्ता हवी असते, आणि बदल्यात त्याला तिच्याशी लग्न करावं लागतं. ती मुलगी मात्र गोष्टीत परत येत नाही.

शेवटचा मोठा माणूस थॉमस मॅलरी. आर्थरच्या फ्रेंच आणि इंग्रजी गोष्टींचा ढीग त्याने इंग्रजी गद्यात बसवला आणि १४६९-७० मध्ये संपवला, तेव्हा इंग्लंडात सरदारांची दोन घराणी गादीसाठी एकमेकांना कापत होती. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा वॉरिकशरमधल्या न्यूबोल्ड रेव्हलचा मॅलरी, ज्याच्यावर चोरी, दरोडा, बलात्कार, एका ड्यूकवर दबा धरून हल्ला असे आरोप होते आणि जो कित्येक वर्षं तुरुंगात होता. आणि याच माणसाच्या पुस्तकात दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला नाईट शपथ घेतात: खून-अत्याचार करणार नाही, दगाबाजी करणार नाही, दया मागेल त्याला देईन, बायकांच्या मदतीला धावेन, मालमत्तेसाठी अन्यायाच्या बाजूने लढणार नाही. शपथ छान आहे. मोडते कशी तर वाईट माणसांमुळे थोडी आणि चांगल्यांमुळे जास्त. लॅन्सलॉटशी असलेल्या संबंधांवरून ग्विनिव्हीरला जाळायला नेतात तेव्हा लॅन्सलॉट तिला सोडवायला घुसतो, गर्दीत तलवार फिरवताना त्याच्या हातून गॅरेथ मरतो, गवेनचा भाऊ, निःशस्त्र उभा, आणि ज्याला नाईट केलं लॅन्सलॉटनेच. बाईला वाचवणं हाही धर्म, मित्राशी इमान हाही धर्म, आणि त्या एका घावातून युद्ध, मग आर्थरचा शेवट.

इंग्लंडचा पहिला छापखानेवाला विल्यम कॅक्स्टन याने हे पुस्तक ३१ जुलै १४८५ ला छापून काढलं, त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी बॉसवर्थच्या लढाईत राजा तिसरा रिचर्ड पडला. सोळाव्या शतकातल्या शिक्षकांना या गोष्टी पसंत नव्हत्या, रॉजर ॲस्कमने १५७० मध्ये छापलेल्या पुस्तकात लिहिलं की मॅलरीमध्ये उघड माणूसमारी आणि छिनालकी याशिवाय काही नाही. व्हिक्टोरियन काळात परत लाट आली, १८३९ मध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनला खरी चिलखतं घालून नाईटांच्या लढतींची मोठी टूर्नामेंट भरवली आणि ती मुसळधार पावसात वाहून गेली.

मॅलरीचं मूळ हस्तलिखित कुणाच्याच हाती नव्हतं, सगळे कॅक्स्टनच्या छापील प्रतीवर अवलंबून. १९३४ मध्ये विंचेस्टर कॉलेजात वॉल्टर ओकशॉट जुन्या पुस्तकांच्या बांधणी बघायला तिजोरी उघडून बसले होते, त्यात एक जाडजूड हस्तलिखित निघालं, पहिली आणि शेवटची पानं गेलेलं. त्यावर छापखान्याच्या शाईचे पुसट ठसे आहेत, म्हणजे ते कधीतरी कॅक्स्टनच्या दुकानात पडून होतं. कॅक्स्टनने गाळलेल्या काही ओळी त्यात आहेत. एका ठिकाणी लिहिणारा स्वतःला 'कैदी नाईट' म्हणतो. आणि गॅरेथची सुखान्त गोष्ट, लग्न वगैरे लावून संपते, तिच्या खाली वाचणाऱ्यांना विनंती आहे की ज्याने हे लिहिलं त्याच्यासाठी प्रार्थना करा, देव त्याची लवकर सुटका करो, लवकर आणि घाईने.