जोडीचं औषध आणि जोर देणारं औषध

‘फ्लुकोनाझोलला दाद न देणारं यीस्ट नव्या संयुगामुळे मेलं’ अशी बातमी वाचली (फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, यीस्ट म्हणजे एकपेशी बुरशी) की मी आधी एकच गोष्ट शोधते: ते संयुग एकटं दिलं तर काय होतं?

एकटंही यीस्टला मारत असेल, तर ती जोडी. क्रिप्टोकॉकस या यीस्टमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते तेव्हा ॲम्फोटेरिसिन बी आणि फ्लुसायटोसिन एकत्र देतात. पहिलं पेशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉल या मेदासारख्या घटकाला धरून पडदा निकामी करतं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेलं हामायसिन याच कुळातलं. दुसरं आत शिरून आरएनए-डीएनए बिघडवतं. एकट्या फ्लुसायटोसिनला यीस्ट लवकर सरावतं, म्हणून त्याला सोबत लागते.

जोर देणारं औषध वेगळं: एकटं फारसं काही करत नाही, दुसऱ्याचा जोर वाढवतं. अमॉक्सिसिलिनच्या गोळीत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असतं. ते स्वतः जीवाणूंना फारसं मारत नाही, अमॉक्सिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) तेवढं अडवतं. बुरशीसाठी असा सोबती अजून दवाखान्यापर्यंत पोचलेला नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

फ्लुकोनाझोल एर्गोस्टेरॉल बनवणारं विकर अडवतं. त्याने कँडिडा या यीस्टची वाढ थांबते, पण पेशी सहसा मरत नाही. या ताणात ती कॅल्सिन्युरिन नावाच्या प्रथिनाच्या आधाराने तग धरते. प्रयोगशाळेत टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घालून हा आधार काढला, की तेच फ्लुकोनाझोल कँडिडा अल्बिकन्सला ठार करू लागतं. पण ही दोन्ही औषधं मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात, प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी. आपलं कॅल्सिन्युरिनही यीस्टसारखंच. आणि रक्तात कँडिडा पसरतो तो बहुधा आधीच खचलेल्या माणसाच्या. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच ते देणं धोक्याचं. बुरशीचं कॅल्सिन्युरिन तेवढं ओळखेल असं संयुग हवं, आणि यीस्ट जीवाणूंपेक्षा आपल्या कितीतरी जवळचं असल्याने ते अवघड आहे.

दुसरी वाट पंपांची. प्रतिरोधक कँडिडा पेशीच्या पडद्यातल्या सीडीआर१ सारख्या पंपांनी औषध बाहेर फेकतो. कँडिडा ऑरिसचा हा पंप अडवणारं ॲझोफ्लक्सिन हे संयुग 2020 मध्ये पुढे आलं. 2009 मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात सापडलेल्या या यीस्टचे काही वाण औषधांच्या तिन्ही मुख्य गटांना जुमानत नाहीत. तिथे जोडी जुळवायला दुसरं औषधच उरत नाही, म्हणून जुन्यालाच जोर देण्याची धडपड मला मोलाची वाटते. मात्र प्रतिरोध पंपामुळे नसून फ्लुकोनाझोल ज्याला अडवतं त्या विकराचा आकार बदलल्याने आला असेल, तर पंप बंद करून फारसं काही साधत नाही.

आणि नायट्यासाठी दुकानातून सर्रास आणलं जाणारं तीन औषधांचं मलम? नायट्याची बुरशी यीस्ट नव्हे, पण गोंधळ तोच. त्यातलं स्टेरॉइड ना जोडीचं, ना जोर देणारं. त्याने खाज थांबते, आणि त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी पसरत राहते.