दहा फूट, एफ-१६ आणि एक बल्ब

१९३०-४०च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये रात्री कुठे खून पडला की वृत्तछायाचित्रकार आर्थर फेलिग ऊर्फ ‘वीजी’ तिथे हजर. हातात भलाथोरला ‘स्पीड ग्राफिक’ कॅमेरा. फोकस जुळवत बसायची भानगडच नाही. अंतर १० फूट, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ-१६, म्हणजे बारीक, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग, सगळं आधीच ठरलेलं. दहा फुटांवर उभं राहायचं आणि बटण दाबायचं.

हा आळस वाटेल, पण त्यामागे पक्कं प्रकाशशास्त्र आहे. या कॅमेऱ्यात ४ बाय ५ इंचांची सुटी फिल्म लागे. ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमपेक्षा ती क्षेत्रफळाने १३-१४ पट मोठी, त्यामुळे छापताना हवा तेवढाच तुकडा कापून वाढवला तरी बारकावे टिकत. पण मोठ्या फिल्मला लेन्सही जास्त नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) लागते, साधारण १२७ मिमीची, आणि मग जेवढ्या अंतरातलं स्पष्ट उमटतं तो पट्टा अरुंद होतो. छिद्र बारीक केलं की तो रुंदावतो. एफ-१६ला तो साधारण ८ फुटांपासून १४ फुटांपर्यंत मिळतो. अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. अ‍ॅपर्चर इतकं बारीक ठेवलं की उजेड कमी पडतो, म्हणून फ्लॅशबल्ब. काचेत ऑक्सिजन आणि धातूची तलम तार. एकदा भडका उडाला की बल्ब बाद.

हा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. १० फुटांवरच्या चेहऱ्यावर पडतो त्याचा चौथा भाग २० फुटांवर, सोळावा ४० फुटांवर. वीजीच्या फोटोंतली मागची काळीकुट्ट रात्र बरीचशी या नियमाने रंगवलेली आहे. समीक्षक तिचं श्रेय त्याच्या नजरेला देतात. द्यावंही, पण सगळं नाही.

फिल्महोल्डरमध्ये फिल्म दोनच, एक पुढे, एक मागे. ६ मे १९३७ला न्यू जर्सीत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे महाकाय हवाई जहाज पेटलं तेव्हा छायाचित्रकार सॅम शेअरला कॅमेरा डोळ्यापर्यंत न्यायलाही सवड मिळाली नाही. त्याने कमरेजवळूनच फोटो घेतला. आपल्याकडे, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला साडी नेसून हेच धूड दिल्लीभर वागवत.

१९१२पासून बनणारा स्पीड ग्राफिक १९७३ला बंद झाला. तरी २०१२च्या लंडन ऑलिंपिकला छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट तो घेऊन गेला, दुसऱ्या महायुद्धातली विमानातून टेहळणीची एफ-२.५ची, म्हणजे मोठ्या छिद्राची लेन्स लावून. वीजी ज्या अरुंद पट्ट्याशी झगडला, तोच बर्नेटला हवा होता.